ठकूच्या माळावरचा धूरगोळा

पाव्हणं, पाय मागं घ्या. ह्यो धूरगोळा हाय. ना दांडा, ना छत्री. जमिनीतनं नुसता चेंडू वर येतो. कवळा असंल तवर आतनं खोबऱ्यावानी पांढरा, कालवण करून खायाचा. जून झाला की आत तपकिरी भुकटी हुती, तेच त्याचं बी; बोट लावलं की धूर निघतो. समद्या माळावरचं खावा, पर बिरोबाच्या ह्या दगडापाशी येतो त्यो खायाचा न्हाई. का, ते ऐका. मधी बोलू नगा.

लई जुनी गोष्ट सांगत्यात. आमच्या धनगरांनी कवळं गोळं इतकं हावऱ्यावानी खाल्लं म्हनं, की जून व्हायला एकबी ऱ्हायना. मग दरसाली कमीच. शेवटी एका साली एकच उगवला, ह्या दगडाच्या कडंला.

तवा ठकू म्हनून एक धनगरीन व्हती. तिची सून सोंगी पोटुशी. म्हातारीनं नवस बोलला, सून सुखरूप सुटली की ह्यो गोळा बिरोबाला. आन सोंगीला डोहाळं लागलं त्योच गोळा खायाचं! सासू राखणीलाच बसली. सून टोमणा मारायची, "देवाचं पोट माझ्या पोटापरीस मोठं व्हय, आत्याबाई?"

"तुज्यासाठीच बसलीया, भवाने."

गोळा जून झाला. तवाच मेंढरं कातरताना ठकूचा ल्योक धुळा, त्याच्या मनगटात कातर घुसली. रगत थांबंना. जखमंवर ह्याचीच भुकटी दाबायची, ही आमची रीत. पर माळावर दुसरा गोळाच नव्हता. नवस मोडावा तर सुनंच्या पोटाला धोका, न मोडावा तर ल्योक जातो. म्हातारीचा हात उचलंना.

सोंगीच फुडं झाली. म्हनली, "देवाचाच हाय न्हवं? मग देवाकडनं मागून घेते." गोळा उपटून तिनं नवऱ्याच्या मनगटावर फोडला. निम्मी भुकटी जखमंवर बसली, निम्मी वाऱ्यानं भंडाऱ्यावानी माळभर उधळली. रगत थांबलं.

ठकू मातूर बाळतपण हुईस्तवर भ्यालेली. सोंगीला पोरगी झाली, ठणठणीत. आन फुडल्या साली समदा माळ गोळ्यांनी पांढरा. तवा म्हातारी म्हनली म्हनं, "देवाला गोळा नगंच व्हता. भंडारा पायजे व्हता."

आजही पहिला कवळा गोळा पोटुशीच्या ताटात जातो. दगडापाशचा जून हुईस्तवर ठेवत्यात. त्यो फोडायचा मान सुनंचा, आन तवा सासूनं गप उभं ऱ्हायचं.