वेशीवर न सांगितलेली गोष्ट

पूर्वी भरुकच्छ नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या नगराच्या नदीकडच्या वेशीबाहेर पाणपोई चालवीत होता. पहाटे नर्मदेचे पाणी आणून तो पाच रांजण भरी, त्यांवर ओले फडके टाकी आणि वडाच्या सावलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओंजळीत पाणी ओती. तो मोबदला घेत नसे, आणि कोणाला काही विचारीतही नसे.

हे न विचारणे लोकांना खटके. वाटेत भेटलेल्या माणसाला ‘कुठले? कुणाकडे? किती दिवस मुक्काम?’ असे विचारणे म्हणजे त्या मुलखातला नमस्कारच होता. न विचारणारा माणूस एक तर आजारी, नाही तर माजलेला. बोधिसत्त्व आजारी दिसत नसल्यामुळे लोक त्याला दुसऱ्या प्रकारात धरीत.

भरुकच्छाहून मोठमोठी गलबते परदेशी निघत. त्यांत कापूस, मिरी, हस्तिदंत भरले जाई, आणि कधीकधी माणसेही. परमुलखातून एकटी आलेली बाई किंवा मूल एकदा गलबतावर चढले की त्याचा पत्ता लागत नसे, कारण त्याला शोधणारे त्या नगरात कोणी नसेच.

हा धंदा करणारे दोघे होते. कुंडल नावाचा एक जण वडाच्या पारावर तिळाच्या वड्या घेऊन बसे. तो फार गोड बोले आणि नवख्या माणसाची सगळी चौकशी करी. मग काही निमित्ताने उठून वेशीच्या आत जाई. थोड्या वेळाने पिंगळ नावाचा दुसरा माणूस छताची बैलगाडी घेऊन बाहेर येई आणि त्या नवख्याला नावाने हाक मारी. परक्या नगरात कोणी आपल्याला नावाने हाक मारली की माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात.

बोधिसत्त्वाने हे महिनाभरात ओळखले होते. वेशीवरच्या पहारेकऱ्यांना त्याने सांगितले तेव्हा ते हसले. त्यांच्या घरी सणासुदीला कुंडलाकडून तूप जाई. कुंडलाने बोधिसत्त्वालाही सांगून पाहिले, “बाबा, तुम्ही आपलं पाणी द्या. या वयात रांजण काय वाहता? मी बैल देतो, वर पक्कं छप्पर घालून देतो.” बोधिसत्त्वाने बैल घेतला नाही.

मग त्याने गावाहून नव्याने आलेल्या एका कोष्ट्याला सरळ बजावले, “त्या माणसाला काही सांगू नकोस.” कोष्टी तडक कुंडलाकडे गेला आणि म्हणाला, “दादा, तो पाणीवाला तुमच्याविषयी भलतंच बोलतोय हो. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो.” दोन दिवसांनी तो कोष्टी लुबाडला जाऊन अंगावरच्या पंच्यानिशी गावी परत जाताना दिसला. नुसते सावध करून भागत नाही, हे बोधिसत्त्व त्या दिवशी शिकला.

एके दिवशी सकाळच्या नावेतून उत्पला नावाची एक तरुण स्त्री तीन वर्षांच्या मुलीला घेऊन उतरली. ती गोदाकाठच्या एका खेड्यातून कापसाच्या तांड्याबरोबर आली होती. तांडा जकातीसाठी पलीकडच्या तीरावर अडकला होता, आणि तिला तीन दिवस थांबवेना. तिने याआधी नगर पाहिले नव्हते. पारावर टेकताच कुंडल पुढे सरकला.

“अगं बाई, केवढं दमलंय लेकरू! घे ग राणी, वडी घे. कुठून आलात ताई?”

“प्रतिष्ठानाच्या अलीकडून. एकवीस दिवस झाले.”

“एकट्या? आणि एवढ्या लहान पोरीला घेऊन? धन्य आहे तुमची.”

लहान मूल बरोबर असलेल्या बाईला फार विचारावे लागत नाही. मुलाला दात कधी आले एवढे विचारले की पुरते; पुढचे ती आपणच सांगते. उत्पलाने दात सांगितले, मग वाटेतला ताप सांगितला. मुलीचे नाव सुमी, ती गुळाच्या खड्याशिवाय निजत नाही, सासूचे गुडघे धरले आहेत, हे सांगितले. नवरा सोमिल दोन वर्षांपूर्वी इथे हस्तिदंत कोरायला आला, त्याच्या डाव्या अंगठ्यावर पटाशीची खूण आहे, हेही सांगितले. आपण जास्त बोलतो आहोत असे तिला मध्येच वाटले. पण आता थांबले तर बरे दिसणार नाही असेही वाटले, म्हणून ती बोलत राहिली.

“मग दाजींनीच बोलावून घेतलं असेल?” कुंडलाने विचारले.

“हो तर,” उत्पला पदर सारखा करीत म्हणाली. “बोलावलं म्हणून तर आले.”

कुंडल पाने आणतो म्हणून उठला. उत्पला मुलीला घेऊन पाणपोईकडे गेली. बोधिसत्त्वाने दोघींना पोटभर पाणी दिले, मुलीचे तोंड धुतले, आणि तो गप्प राहिला.

“काय बाई माणूस,” परत येताना उत्पला मुलीला म्हणाली. “कुठून आलीस एवढंसुद्धा विचारवलं नाही.”

थोड्याच वेळात वेशीतून गाडी आली. पिंगळ उडी मारून उतरला.

“अहो उत्पलावहिनी! आणि ही सुमी ना? सोमिलनं पाठवलंय मला. मालक सोडीना त्याला, नाही तर स्वतःच येणार होता. पहाटेपासून दाराकडे डोळे लावून बसलाय बिचारा!”

उत्पलाचे डोळे भरून आले. एकवीस दिवसांत तिला कोणी असे काही सांगितले नव्हते. पिंगळाने गुळाचा खडा दाखवून हात पसरले, आणि सुमी त्याच्याकडे गेलीसुद्धा. त्याने तिला गाडीत बसवले.

तेव्हा बोधिसत्त्व जागेवरूनच म्हणाला, “ऊन चढलंय. लेकराला आणखी दोन घोट पाजून ने, बाई.”

“पाणी घरी मिळेल की,” पिंगळ म्हणाला.

पण मूल तहानलेले राहील असे कोणी म्हटले की आईच्याने पुढे पाऊल टाकवत नाही. उत्पलाने मुलीला उचलले आणि ती पाणपोईपाशी आली. पाणी ओतता ओतता बोधिसत्त्व हलकेच म्हणाला, “लेकी, पारावर बसून तू जे जे बोललीस ते त्या माणसाला ठाऊक आहे. जे बोलली नाहीस, त्यातलं एक त्याला विचारून बघ.”

उत्पलाला राग आला. “ते ह्यांचे मित्र आहेत. नावानं हाक मारतात. तुम्ही तर साधी विचारपूसही केली नाहीत.”

“नाही केली. इथं दिलेलं उत्तर चार कानांवर जातं.”

तिने पारावर नजर टाकली. पाने आणायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने गाडीमागे उभा होता. न सांगितलेले असे काय उरले आहे, हे ती आठवू लागली. नाव सांगितले होते. अंगठा सांगितला होता. गूळ, दात, सासूचे गुडघे, काही म्हणजे काही शिल्लक ठेवले नव्हते. आपल्यासारखी बडबडी बाई गावात दुसरी नसेल असे तिच्या मनात आले. आणि मग तिला ती एक गोष्ट आठवली.

सोमिलने तिला बोलावलेच नव्हते. आठ महिने त्याचा निरोप नव्हता. गावात लोक काय बोलतात ते ऐकवेना, तेव्हा ‘बोलावणं आलंय’ असे सासूला खोटेच सांगून ती निघाली होती. तांड्यात, नावेत, पारावर तिने तेच सांगितले. सांगून सांगून ते तिचे तिलाच खरे वाटू लागले होते. ती येते आहे हे सोमिलला माहीतच नव्हते. मग तो पहाटेपासून दाराकडे डोळे कसे लावून बसेल?

समोरचा माणूस खोटा आहे हे कळले होते, पण त्याचे ते वाक्य तिला टाकवत नव्हते.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “आता नाही कसं म्हणू? त्यांची वडी खाल्लीय पोरीनं.”

“नाही म्हणू नकोस. इथून हलू मात्र नकोस. ज्याला खरंच तू हवी आहेस, तो इथवर येईल.”

उत्पलाने सुमीला घट्ट धरले आणि ती मोठ्याने म्हणाली, “भावजी, माझे पाय सुजलेत. गाडी आहेच तुमच्याकडे, तर ह्यांनाच बसवून इकडं घेऊन या. आम्ही इथं थांबतो.”

पिंगळ हसला. त्याने समजावले, मग दटावले, मग तिचे मनगट धरले. इतक्यात दुपारची नाव लागली होती आणि तीसचाळीस तहानलेली माणसे घाट चढून आली होती. बोधिसत्त्व उठून पिंगळ आणि उत्पला यांच्यामध्ये उभा राहिला. “पिंगळा, तुझी गाडी पाण्याच्या वाटेत आहे. लोक खोळंबलेत.”

“अहो गाडीवाले, हटवा की!” मागून कोणी ओरडले. “आणि त्या बाईचा हात काय धरलाय?” दुसऱ्या एकीने विचारले. इतके डोळे एकदम आपल्याकडे वळलेले पिंगळाला सोसले नाहीत. त्याने हात सोडला, आणि गाडी रिकामीच वेशीत शिरली.

जाता जाता कुंडल पाणपोईशी थांबला. “बाबा, रांजण मातीचे असतात बरं.”

“हो,” बोधिसत्त्व म्हणाला. “आणि नदीकाठी माती पुष्कळ आहे.”

हस्तिदंती बांगड्या विकणारी एक म्हातारी रोज तिथे पाणी प्यायला येई. बोधिसत्त्वाने तिला हस्तिदंत कोरणाऱ्या कोरक्यांच्या आळीत जाऊन सोमिलला निरोप द्यायला सांगितले. “काय सांगू ग?” म्हातारीने उत्पलाला विचारले. उत्पला म्हणाली, “सांगा, बायको आलीय. न बोलावता आलीय.”

तो येईल की नाही, हे तिला खरोखरच माहीत नव्हते. ऊन पाराच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेले. सुमी मांडीवर निजली. आणि मग वेशीतून एक माणूस धावत आला. केसांत हस्तिदंताचा पांढरा भुगा होता, आणि पायांत वहाणा नव्हत्या.

“एकटी आलीस?” सोमिल म्हणाला. “या रस्त्यानं?”

“तुम्ही बोलावलं नाहीत.”

“कुठं बोलावणार होतो? घरच नाही. कारखान्यातल्या फळीवर निजतो मी. हे कोणत्या तोंडानं कळवू?”

“एवढंच?” उत्पला म्हणाली. मग ती हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली. “चला. फळी दाखवा.”

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व पहाटे नदीवरून परतला, तेव्हा पाचही रांजणांच्या खापऱ्या झाल्या होत्या. कावडीत जेवढे पाणी होते तेवढे त्याने दिले, आणि तो पुन्हा नदीवर गेला. घडलेला प्रकार सोमिलकडून कोरक्यांच्या आळीला कळला. त्यांच्या श्रेणीच्या, म्हणजे कारागीरसंघाच्या, प्रमुखाने तो राजाच्या कानी घातला, आणि कुंडल व पिंगळ यांना नगर सोडावे लागले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनातल्या विहारात सांगितली. पहिल्यांदाच दूरच्या नगरी निघालेल्या तरुण भिक्षुणी समोर बसल्या होत्या. शास्ते म्हणाले, “त्या वेळची उत्पला म्हणजे आज तुम्हाला घेऊन निघालेली ज्येष्ठ भिक्षुणी, स्थविरा सुवर्णमाला. सोमिल म्हणजे उपासक अरिंदम. कुंडल म्हणजे आपल्या विहाराच्या दारात पाहुण्यांचे स्वागत करणारा भिक्षू भद्रवाह. त्याची जीभ तेव्हाइतकीच गोड आहे, आणि आता ती चांगल्या कामी लागली आहे. पाणी देणारा तो माणूस मीच होतो.”

“आणि पिंगळ?” एका भिक्षुणीने विचारले.

“तो इथेच बसला आहे आणि ऐकतो आहे,” शास्ते म्हणाले. “तेवढे पुरे.”

कोणी मागे वळून पाहिले नाही. मग शास्त्यांनी परक्या जागी माणसाला जपणाऱ्या त्या गुणाचे नाव सांगितले: अप्रमाद, म्हणजे जागेपण.