कातळवेढ्याची टाकलेली पायरी

कातळवेढे विद्यापीठाची मोठी इमारत बघायला लोक लांबून येतात. येतात ते माना वर करूनच. कमानी मोजतात, घुमटाचे फोटो काढतात, पायाखाली काय आहे ते कुणी बघत नाही. तीस वर्षं तिथं झाडलोट करणाऱ्या यमुनाबाई अशा पाहुण्यांना पूर्वेच्या दरवाजात अडवतात आणि चपला काढायला सांगतात. हे काय देऊळ आहे का, असं एखादा विचारतो. देऊळ नाही, पण काढा, म्हणतात.

इमारतीला चार दिशांना चार दरवाजे आहेत. तीन दरवाजांच्या पायऱ्या काळ्याभोर, आरशासारख्या. वाकलं तर आपलं तोंड दिसतं. पूर्वेची पायरी मात्र खरबरीत. पाट्याला छन्नी लावावी तसे तिच्यावर बारीक घाव आहेत, तिरपे, ओळीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बांधणारा चुकला असेल, असं शिकलेली माणसं म्हणतात. बांधणारा चुकलाच होता, पण पायरीत नाही. कशात चुकला, ते यमुनाबाई सांगतात. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं.

इमारत नवी कोरी होती तेव्हाची ही गोष्ट. बांधणारा साहेब मोठा हुशार होता म्हणे. त्यानं चारी बाजू अशा सारख्या केल्या की कुठूनही बघा, तेच दिसावं. तेरा कमानी इकडं, तेरा कमानी तिकडं. आत गोल ओवरी, तिला ना सुरुवात ना शेवट. पाट्या लावू दिल्या नाहीत, अक्षरांनी दगडाची शोभा जाते म्हणाला. खिडक्यांना आकडे तेवढे दिले, तेही प्रत्येक बाजूला एकपासून नऊपर्यंत. म्हणजे एक नंबरच्या खिडक्या चार आणि सात नंबरच्याही चारच. साहेबाला ते फार सुंदर वाटलं. ज्याला कुठल्या खिडकीपुढं कधी हात जोडून उभं राहावं लागलं नाही, त्याला असलंच सुंदर सुचतं.

तिकडं हिवरघाटला धुरपता नावाची बाई होती. जाती-पाटे टाकायचं तिचं काम. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की दाणा दळत नाही, पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटत नाही. मग छन्नी-हातोडीनं त्याला बारीक घाव घालून पुन्हा खरबरीत करायचं, त्याला टाकणं म्हणतात. नवरा लवकर गेला. एकच पोरगी, कलावती. आईनं दारोदार दगड ठोकून तिला मॅट्रिक केली, आणि विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव लागलं. त्या वस्तीतून असं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. कागदावर पालकाचा अंगठा लागणार होता, तोही समोर येऊन. शेवटच्या दिवशी पाचच्या आत कागद गेला तर नाव राहणार, नाही तर खालच्याचं नाव वर. आणि नेमकी कलावती मुदतीच्या तापानं पडलेली. गावच्या गुरुजींनी धुरपताला बजावलं, "सात नंबरची खिडकी. पाचच्या आत. दुसऱ्या कुणाच्या हातात कागद देऊ नकोस."

शेजारणीला पोरीजवळ बसवून धुरपता पहाटेच्या पॅसेंजरला बसली. कागद काखोटीच्या पिशवीत, छन्नी-हातोडीच्या सोबतीला. ती पिशवी घरी ठेवून ती कधी कुठं गेलीच नव्हती.

नऊला पोचणारी गाडी. मधल्याच एका स्टेशनात तिला साइडिंगला ढकलली. एक मेल गेली, एक मालगाडी गेली, आणखी एक मेल गेली. लोक उतरले, बिड्या ओढल्या, दशम्या खाल्ल्या, पुन्हा चढले. धुरपतानं गार्डाला विचारलं तर तो म्हणाला, मोठ्या गाड्यांना आधी वाट द्यावी लागते. ती म्हणाली, माझंही काम मोठंच आहे. तो हसला. त्याचं हसणं तिला पुढं कितीतरी वर्षं आठवायचं म्हणे.

बाराच्या पुढं गाडी कातळवेढे रोडला लागली. स्टेशनच्या नावात रोड असला की गाव तिथं नसतं, हे तिला उतरल्यावर कळलं. गाव दीड कोस लांब. टांगा नव्हता. उन्हातून चालत ती इमारतीपुढं आली तेव्हा दोन वाजून गेले होते.

पहिल्यांदा ती नुसती बघतच राहिली. दगडातली बाई, तिला दगड कळायचा. सांध्यात नख जात नव्हतं. कमानीच्या माथ्याचा दगड असा बसवला होता की जणू तिथंच उगवला असावा. घडवणाऱ्यांच्या हातांना तिनं मनातल्या मनात हात जोडले. मग आत गेली, आणि पुढचे दोन तास बांधवून घेणाऱ्याला शिव्या दिल्या.

सातचा आकडा तिला ओळखू यायचा. सातची खिडकी तिला लगेच सापडली. तिथल्या कारकुनानं कागद न बघताच सांगितलं, इथं परीक्षेची फी घेतात, पलीकडं जा. पलीकडं सातची खिडकी होती, तिथं पुस्तकांची अनामत घ्यायचे. त्यानंही पलीकडंच पाठवलं. पलीकडच्या सातला नोकरांचे पगार वाटायचे. तिथून पुन्हा पलीकडं, तर परीक्षेची खिडकी. गोल ओवरीत पलीकडं म्हणजे काय, हे कुणी सांगेना. ती बाहेर पडून दुसऱ्या दरवाजानं आत गेली तर पुन्हा परीक्षेचीच खिडकी.

कारकून म्हणाला, "मावशी, तुम्ही तिसऱ्यांदा आलात. आमच्याकडं सोयरीक जमवायची आहे का?"

आजूबाजूचे हसले. धुरपता दरवाजाकडं वळली. तोंड उघडलं असतं तर कारकुनाच्या सात पिढ्या बाहेर आल्या असत्या, आणि घड्याळात चार वाजले होते. तिकडं पोरीच्या अंगात ताप, इकडं हिच्या डोक्यात.

पूर्वेच्या दरवाजाबाहेर पायरीवर ती बसली. पायरीवरून हात फिरवला. इतका गुळगुळीत दगड तिनं कधी हातात धरला नव्हता. जातं टाकताना बाई एका खुणेपासून सुरुवात करते, म्हणजे कुठवर टाकलं आणि कुठून राहिलं ते कळतं. खुणेशिवाय गोल दगडावर हात फिरतच राहतो. धुरपताच्या एकदम ध्यानात आलं की दुपारपासून आपण बिनखुणेच्या जात्यावर फिरतोय. तिनं पिशवीतून छन्नी-हातोडी काढली आणि विद्यापीठाच्या पायरीवर वीतभर जागा टाकून काढली. दुसरी कुणी असती तर खडूनं रेघ मारली असती. हिला तेवढंच येत होतं.

मग उजवा हात भिंतीला लावून निघाली. पहिला दरवाजा, पायरी गुळगुळीत. आत सातच्या खिडकीवर परीक्षेवाला. बाहेर आली, उजवा हात भिंतीला. दुसरा दरवाजा, तीही गुळगुळीत. आत सातच्या खिडकीपुढं आईबापांबरोबर आलेल्या पोरापोरींची रांग, प्रत्येकाच्या हातात तिच्या कागदासारखा कागद. दिवसभरात या दरवाजाशी ती एकदाही आली नव्हती.

रांग सरकत सरकत तिच्यापुढं एक पोरगी राहिली, तिचंही झालं. धुरपतानं कागद पुढं केला आणि वर घड्याळात पाचचे टोले पडले. कारकुनानं खिडकीची फळी खाली ओढली. वेळ संपली म्हणाला.

फळी पुरती खाली आलीच नाही. मध्ये छन्नी होती.

पुढं आरडाओरडा झाला. पहारेकऱ्यानं तिला दंडाला धरलं. तेवढ्यात दुसरा पहारेकरी बोंबलत आला की पूर्वेची पायरी कुणीतरी फोडली. छन्नी हातातच होती, आणखी पुरावा कशाला हवा? तिला ओढत पूर्वेच्या दरवाजाशी नेलं आणि कुलसचिवांना वरून बोलावलं. ते उतरले, वाकून पायरी बघितली. म्हातारे, शांत गृहस्थ होते म्हणे.

"बाई, हे काय करून ठेवलंत?"

"टाकली."

"हा काय पाटा आहे?"

"पाटाच आहे," धुरपता म्हणाली. "दुपारपासनं मला यावर वाटताय तुम्ही सगळे. पण गुळगुळीत पाट्यावर मिरची नुसती घसरते साहेब. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. म्हणून म्हटलं, टाकून द्यावा."

पहारेकऱ्यानं हात उगारला, तो कुलसचिवांनी खाली करायला लावला. पायरीवरच्या घावांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला जायचंय कुठं?"

असं सांगतात की इतका वेळ कोरडे असलेले धुरपताचे डोळे तेव्हा भरले. सकाळपासून तिला कुणी हे विचारलंच नव्हतं.

तिनं कागद दाखवला. चला, मीच नेतो, म्हणून कुलसचिव पुढं निघाले. ओवरीतून वळले, आणखी वळले, आणि थेट परीक्षेच्या खिडकीपुढं जाऊन उभे राहिले. कारकून ताडकन उठला. कुलसचिवांचा जिना वेगळा होता. या ओवरीत ते कधी पायी फिरलेच नव्हते. ते परत वळले आणि पुस्तकांच्या अनामतीपाशी निघाले. मागं धुरपता, तिच्या मागं पहारेकरी. हसायची कुणाची छाती नव्हती.

शेवटी तीच म्हणाली, "साहेब, माझ्या पायरीपासनं मोजा. उजव्या हाताला दुसरा दरवाजा."

त्यांनी मोजलं. पावणेसहाला त्यांनी स्वतः फळी वर केली, कागद घेतला, अंगठा समोर उमटवून घेतला आणि कलावतीच्या नावापुढं सही केली. परतीची गाडी केव्हाच गेली होती. धुरपतानं पायरीशी येऊन छन्नी पुन्हा हातात घेतली. अर्धा टाकलेला दगड सोडून उठायची तिला सवय नव्हती. उजेड होता तोवर तिनं ती पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी केली. कुलसचिव शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी तिथंच ठरवलं, की शेवटच्या दिवशी खिडकी बंद करण्याआधी त्यांच्या खुर्चीवर जो असेल त्यानं खाली उतरून या पायरीवर उभं राहायचं आणि तीनदा विचारायचं.

बांधणाऱ्या साहेबाला हे कळलं तेव्हा तो फार चिडला. पायरी उपटून नवी बसवा म्हणाला. पण टाकलेला दगड आम्ही उपटत नाही, असं पाथरवटांनी सांगितलं आणि एकानंही पहारीला हात लावला नाही. मग साहेबच इमारत सोडून गेला म्हणे.

कलावतीचा ताप उतरला, महिन्याभरानं ती एकटीच आली. आईला जाती टाकायची कामं होती. चारही दरवाजांपुढं ती उभी राहिली आणि तिलाही काही कळेना. सोबत आलेली एक पोरगी तर रडायलाच लागली. एक पायरी टाकलीय, तिथून मोज, एवढंच आईनं सांगितलं होतं; कलावतीनं चपला काढल्या. एकेका पायरीवर पाय ठेवत गेली. पूर्वेच्या पायरीवर पाऊल टेकलं आणि ती थांबली. प्रत्येक बाईचा घाव निराळा पडतो; कुणाचा खोल, कुणाचा उथळ, कुणाचा डावीकडं झुकलेला. घरच्या पाट्यावर लहानपणापासून हात फिरवलेली पोरगी, तिच्या तळव्याला आईचा हात कळला.

"चल," ती त्या रडणाऱ्या पोरीला म्हणाली, "इथून मोजायचं."

आजही नवी मुलं पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन पूर्वेच्या दरवाजानंच आत जातात. पायरी झिजते, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात ती एक पायरी नव्यानं टाकतात, आणि पहिला घाव घालायला छन्नी देतात ती सगळ्यात लांबून आलेल्या मुलीच्या आईच्या हातात. आजही शेवटच्या दिवशी पाचला कुलसचिव खाली येतात आणि तीनदा विचारतात, "कुणी राहिलंय का?" आता सगळं मोबाईलवर भरतात, राहणार कोण, असं नवे कारकून म्हणतात आणि घड्याळाकडं बघतात. यमुनाबाई त्यांना थांबायला सांगतात. पावणेसहाच्या सुमाराला धुळीनं भरलेल्या पायांचं कुणीतरी, काखोटीला पिशवी मारून, दीड कोस चालत येतंच. कारण हिवरघाटची पॅसेंजर आजही साइडिंगलाच उभी असते.