नाकासमोरचा गोळा

प्रयोगशाळा बंद करून तिथे स्वतःचं कार्यालय थाटायचं शाळेचे अध्यक्ष तात्यासाहेब मिरीकरांनी ठरवलं. “सगळं पुस्तकात असताना हे खेळ कशाला?” प्रयोगशाळेत भरलेल्या वर्गासमोर ते म्हणाले.

विज्ञानाच्या हेमलताबाईंनी हसून छताला टांगलेला लोखंडी गोळा तात्यासाहेबांच्या नाकापर्यंत ओढला. “सोडला, तर परत येताना लागेल?”

“छे! सोडल्या जागेच्या पुढे तो येऊच शकत नाही. पुस्तकातच आहे.”

बाईंनी गोळा सोडला. तो पलीकडे जाऊन परतताच तात्यासाहेब टुणकन मागे उडाले. वर्ग खदखदून हसला.

“पुस्तक तुम्हाला पाठ आहे, तात्यासाहेब,” बाई हळूच म्हणाल्या, “पण विश्वास बसायला प्रयोगच लागतो.”

तात्यासाहेबांनाही हसू आवरेना. “पुन्हा सोडा बघू,” ते जागेवर येत म्हणाले, “कार्यालय दुसरीकडे थाटू.”