आबांची राखण

चूक आबांची होती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर मोठ्यांचं नाव आलं की सगळे गप्प बसतात.

फार मागे एका माळावर भुरी सशीण व्याली. पोटाचे केस उपटून तिनं पिलांना अंथरूण केलं, बिळाचं तोंड मातीनं बुजवलं आणि लांब जाऊन बसली. दिवसातून एकदाच येऊन पाजायची.

सासरे, म्हणजे आबा, भडकले. "आई आहेस की पाहुणी?"

"आबा, आपल्या वासावर कोल्हा येतो. कितीदा सांगू, तिकडं फिरकू नका."

"मला शिकवतेस? माझे केस उन्हानं पांढरे झाले नाहीत!"

आबा जन्मापासूनच पांढरे होते.

दुसऱ्या दिवशी माती उकरून ते राखणीला दारातच बसले. वासावर कोल्हा आला. सगळ्यांत आधी आबा पळाले.

आबांना पाच नातवंडं होती. आता एकही नाही.