गारठ्यातले पाहुणे

पाणी गाळून पी, असे तीनदा सांगूनही न ऐकणाऱ्या एका भिक्खूकडे पाहून त्याचे गुरू, शास्ते, म्हणाले, "बाबा रे, पूर्वीच्या एका जन्मीही तू मला असेच दमवले होतेस." आणि त्यांनी ही कथा सांगितली.

उदुंबर नगरात सुमंगल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या खेड्यात, कोंबड्या पाळणाऱ्या घरात जन्मले होते. नाव सोण. त्या गावची एक रीत होती. थंडीत उत्तरेकडची रानबदके तळ्यावर उतरली की बायका आपल्या कोंबड्या टोपल्यांत घालून काठावर नेत, पाहुण्यांशी त्यांची भेट घडवीत आणि तळ्याचे घागरभर पाणी आणून खुराड्यात ठेवीत. त्याने अंडी वाढतात, असा समज होता.

सोणाने वर्षानुवर्षे पाहिले होते. हिवाळा उबदार असला की भेटीनंतर सहसा काही होत नसे. थंडी कडक पडली की मात्र कोंबड्या मरत. त्या वर्षी तर दुपारपर्यंत धुके हटत नव्हते.

"वहिनी, या वर्षी नेऊ नका," तो शेजारी राहणाऱ्या भावजयीला, पदुमेला म्हणाला. "बदकांच्या विष्ठेतून रोग पाण्यात उतरतो. ऊन तापले की लवकर मरतो. गारठ्यात दिवसच्या दिवस टिकतो."

"गेल्या साली नेल्या, तेव्हा काय झाले?"

"गेल्या साली थंडी होती कुठे?"

"मग यंदा कोंबड्यांना गोधड्या पांघरू का?" पदुमा हसली. "भाऊजी घरकोंबडे, म्हणून त्यांच्या कोंबड्याही घरातच!"

सोणाने कपाळाला हात लावला. ही सातवी वेळ होती. बोधिसत्त्व झाले म्हणून माणसाने सांगायचे तरी किती?

पौर्णिमेला भेट झाली. सोणाच्या चाळीस कोंबड्या तेवढ्या घरी राहिल्या, विहिरीचे पाणी पीत. आठवडाभरात गावातल्या कोंबड्यांचे तुरे निळे पडले, त्यांनी माना टाकल्या. सोण तोंडाला फडके बांधून दारोदार गेला आणि मेलेली पाखरे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरत राहिला. रोग आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून त्या दिवसांत तो स्वतःच्या खुराड्याकडे फिरकलासुद्धा नाही. दाणापाणी त्याची बायको बघे.

मग नगरातला व्यापारी आला आणि त्या चाळीस कोंबड्यांचे दुप्पट दाम देऊ लागला.

"त्या गावच्या आहेत," सोण म्हणाला.

"गावच्या ना? मग द्या आत्ताच!" पदुमा कडाडली.

"आत्ता नाही. आधी खुराडी झाडा, उघडी टाका. वैशाखाचे ऊन आत शिरू दे."

"तोवर पोरांच्या ताटात काय वाढू? ऊन?"

"अंडी माझ्याकडून न्या."

तिने नाक मुरडले, पण अंडी नेली. वैशाख सरला, खुराडी खडखडीत वाळली. तेव्हा सोणाने घराघरात कोंबडी पोचवली.

पुन्हा थंडी आली, बदके उतरली. पदुमा कमरेवर घागर घेऊन दारात उभी!

"भाऊजी, कोंबड्या नाही हं नेत. नुसते घागरभर पाणी आणले तर?"

सोणाने डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला.

"बसा वहिनी," तो म्हणाला, आणि पहिल्यापासून सांगू लागला.

त्या दिवशी घागर रिकामीच घरी गेली.

शास्ते म्हणाले, "त्या वेळची पदुमा तू होतास आणि सोण मी. आठव्यांदाही न चिडता सांगणे, याचेच नाव क्षांती. आता सांग, तुझे गाळणे कुठे आहे?"