काळू कावळ्याची घार

फार पूर्वी, म्हणजे दुर्बिणी नुकत्याच आल्या होत्या तेव्हा, एका पिटुकल्या बेटावर काळू कावळा राहायचा. दसरा सरला की दूरदेशीचे चिखले पक्षी चिखलात किडे टिपायला उतरायचे. माणसं होडी भरून त्यांना बघायला यायची. काळूचा नुसता जळफळाट!

“उद्या एकाने तरी तुझ्याकडे बघितलं तर मानलं,” बगळा म्हणाला.

“लागली पैज!”

सकाळी होडी दिसताच काळू बोंबलला, “घार आली, पळा!” चिखले भुर्रकन उडाले. होडी आल्यापावली परत फिरली. काळूकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

दुपारी एक दमलेली चिखली घिरट्या घालत म्हणाली, “काळूदादा, घार गेली का रे? भुकेने जीव चाललाय. तू सांगितलंस तरच उतरते.”

काळूची मान खाली गेली.

“उतर गं. घार नव्हतीच. मीच होतो.”