दूधधोंड

त्या सपाट दगडावर बसू नका. फोटोला जागा चांगली आहे हे कबूल, पण ती आमची दूधधोंड आहे. तिच्यावर फक्त पदराखाली पोर असलेली बाई बसते. ती बसलेली असली की वाटेने जाणारा गडी कमरेची कोयती काढून खाली ठेवतो, मग पुढे होतो. पाहुण्यांजवळ कोयती नसते, तेव्हा त्यांनी निदान मान खाली घालावी.

ओढ्याच्या अलीकडे आमची वरची वाडी, पलीकडे खालची. दोन्ही ठाकरांच्याच. पण एके काळी, असे सांगतात, या घळीतल्या हिरड्याच्या झाडांवरून दोन्ही वाड्यांत तंटा पेटला. शब्दाला शब्द लागला आणि खालच्या गोमाच्या कोयतीने वरचा वाळू नावाचा गडी मेला. पंचांनी मग ही धोंड शीव ठरवली. कुणी ती ओलांडायची नाही, भाकर-पाणी बंद, विस्तवसुद्धा मागायचा नाही. ज्याच्यासाठी भांडले तो हिरडा त्या साली झाडाखालीच कुजला म्हणे. माणसाला अक्कल उशिरा येते, आणि तीही पुरती येत नाही.

पुढे गोमाची बायको बाळंतपणात गेली. पोर जगले. खालच्या वाडीत तेव्हा अंगावर पाजणारी एकही बाई नव्हती. शेळीचे दूध चिंधीने चोखवून पाहिले, पोर ते ओकून टाकी. त्याचा रडण्याचा आवाजही बारीक होत चालला, तेव्हा गोमा त्याला घेऊन शिवेवर येऊन उभा राहिला. मागायला तोंड नव्हते.

वरच्या अंगाला वाळूची विधवा बुधी सासूबरोबर सरपण मोडत होती. तान्ही लेक पाठीशी झोळीत होती. ते बारीक रडणे कानावर आले आणि बुधीला पान्हा फुटला, लुगडे भिजले. तिला आधी रागच आला, असे जुन्या बाया सांगत. नवरा मारणाऱ्याच्या पोरासाठी आपले अंग असे फितूर कसे होते, म्हणून. पण अंगाला वैर कळत नाही. ती सासूला म्हणाली, "आत्याबाय, मला ऐकवत न्हाई. पर मी पाजलं, तर तुमच्या जिवाला काय वाटंल?"

गेलेला लेक म्हातारीच्या पोटचा होता. मग तिने नातीला आपल्याकडे घेतले आणि गोमाला म्हणाली, "ती कोयती टाक तिथं." त्याने टाकली. तेव्हा ती सुनेकडे वळली. "त्या पोरानं कोयती उचलली नव्हती. बस."

बुधीने शीव ओलांडली नाही, ती शिवेवरच बसली. पोराच्या अंगात ओढण्याइतकाही जोर नव्हता. तिने पिळून थेंब थेंब त्याच्या ओठांवर सोडला. बऱ्याच वेळाने त्याने तोंड लावले, आणि तेव्हा म्हातारी रडली.

वाडीत पंच चवताळले. बुधीला वाडीबाहेर काढा, गोमाचा जीव घ्या म्हणाले. म्हातारी पुढे झाली. "आता त्यो माझ्या नातीचा दूधभाऊ. माझ्या नातवाच्या बापाला मारायला कोण जातं, त्यानं उठावं." कुणी उठले नाही.

पण ते दिवस कणगी रिकामी होण्याचे. दोन पोरे एकाच आईवर, आणि आईच्या पोटात पाण्यासारखी पेज. बुधीचे दूध आटू लागले. हे कळताच खालच्या वाडीतल्या घराघराने आपल्यातली मूठमूठ नाचणी आणून या धोंडेवर ठेवली. ती खाऊन बुधीने दोघांना वाढवले. बुधी गेली तेव्हा पोटच्या लेकासारखे आपले डोके गोमाच्या लेकाने भादरून घेतले म्हणे.

आजही वरच्या वाडीत बाई बाळंत झाली की तिची पहिली पेज खालच्या वाडीच्या नाचणीची, आणि तिकडे झाली की आमच्या नाचणीची. दोन्ही वाड्यांत सोयरीक मात्र होत नाही. दूधभावाला लेक कशी द्यायची? भांडणे होतात, अजून हिरड्यावरूनच होतात. कुणाचा हात वर गेला की एखादी म्हातारी पुढे येते आणि विचारते, "तू कुनाच्या दुधावर उठलास रं?"

उत्तर त्याला ठाऊक असते. हात खाली येतो.